वेसण घालावी की मुसके बांधावे?

आपल्या किन्हीराजात आता घरोघर मोबाईल आहे. पारावर बसलेला म्हातारा असो, नाही तर वावरात निंदायला गेलेली बाई असो, जवळपास कोणाकडे तरी फोन असतोच. फोनवर नुसते बोलणे होत नाही. फोटो येतात, भजने येतात, सोयाबीनचा भाव येतो. कोण वारले, कोणाच्या पोरीचे लग्न जमले, तेही फोनवरच कळते.

फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, यूट्यूब अशी यांची नावे आहेत. शिकलेली माणसे या सगळ्यांना मिळून 'समाजमाध्यमे' म्हणतात. म्हणजे काय? कोणीही बोलावे आणि सर्वांनी ऐकावे अशी जागा. पूर्वी गावात अशी जागा एकच होती. तो पार. पण पारावरचे बोलणे फार तर बाजाराच्या दिवशी शेजारच्या गावी जात असे. आता इथे पारावर बोललेले घटकाभरात मुंबईला, दुबईला जाते. चांगले जाते तसे वाईटही जाते.

म्हणून प्रश्न निघतो. या बोलण्यावर सरकारने बंधन घालावे का? घालावे तर किती?

कास्तकाराला हा प्रश्न आम्ही कास्तकाराच्या भाषेत सांगतो. बैलाला आपण वेसण घालतो. वेसण घातलेला बैल चालतो, चरतो, हंबरतोही. फक्त उधळत नाही. डवरणीच्या वेळी मात्र आपण त्याला मुसके बांधतो. मुसके बांधले की पीक वाचते, पण तोंड बंद होते. दिवसभर मुसके ठेवले तर बैल उपाशी मरेल. सरकारचे बंधन हे वेसण आहे की मुसके, हे आपल्याला पाहायचे आहे. त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रात घडलेल्या दोन गोष्टी आधी ऐका.

राईनपाड्याची गोष्ट

धुळे जिल्ह्यात साक्री तालुका आहे. त्या तालुक्यात राईनपाडा नावाचे लहान गाव आहे. १ जुलै २०१८, रविवारचा दिवस. गावात आठवडी बाजार भरला होता. त्या दिवशी पाच परकी माणसे गावात आली. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीची होती. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे तालुक्यातले. गावोगाव फिरावे, भिक्षा मागावी, पोट भरावे, हा त्यांचा पिढ्यांचा रिवाज. असे गोसावी आपल्याही दारात येतात. आपण त्यांना पसाभर धान्य देतो, पुढच्या घरी धाडतो.

पण त्या दिवसांत एक निरोप मोबाईलवरून फिरत होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा, असा तो निरोप. कोणी लिहिला, कोणाला ठाऊक नाही. ज्याला आला त्याने दहा जणांना पाठवला. आपलं पोर सर्वांनाच प्यारं असतं. त्यामुळे कोणी विचारलं नाही की, बाबा रे, कोणाचं मूल गेलं? कोणत्या गावचं? कोणत्या ठाण्यात तक्रार आहे?

त्या पाच जणांतला एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलताना दिसला. तेवढ्यावर संशय आला. गर्दी जमली. मारहाण सुरू झाली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेऊन कोंडले आणि तिथेच मारले. पाचही जण मेले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

त्याच दिवशी मालेगावातही असाच प्रसंग आला होता. हे मालेगाव म्हणजे आपल्या तालुक्याचे नव्हे, नाशिक जिल्ह्यातले. तिथेही परक्या माणसांना जमावाने घेरले. त्यांत एक जोडपे होते, त्यांच्याजवळ दोन वर्षांचे मूल होते. त्यांच्याच मुलाला लोक पळवलेले मूल समजले! तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि पोलीस येईपर्यंत दार लावून ठेवले. म्हणून ती माणसे वाचली.

त्या काळी देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि खेळणारे मूल उचलून नेतात, असे तिच्यात दिसे. ती पाहून लोकांची माथी भडकली. मूळ चित्रफीत कुठली, माहीत आहे? पाकिस्तानातल्या कराची शहरातली. मुलांना जपा, असा उपदेश करण्यासाठी ती तिथे मुद्दाम तयार केली होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला लगेच परत आणून सोडतात आणि उपदेशाचा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवटचा भाग कापला आणि पुढचा भाग तेवढा सोडून दिला. अर्धे सत्य सांगणे म्हणतात ते हेच.

आता सांगा, अशा निरोपाला आवर घालावा की नाही? आम्ही म्हणू, घालावा. पाच घरची कर्ती माणसे गेली, तिथे बोलण्याचे स्वातंत्र्य म्हणून गप्प बसता येत नाही.

पण आवर कसा घालावा, हे सोपे नाही. राईनपाड्यात कायदा नव्हता असे थोडेच आहे? माणूस मारणे हा गुन्हा आधीपासून आहेच. कमी पडली ती वेळेवर मदत. आणि कमी पडले एखादे मालेगावासारखे दार. या घटनेनंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या मारहाणीबद्दल सर्व राज्यांना हुकूम दिला. प्रत्येक जिल्ह्यात एक वरिष्ठ पोलीस अधिकारी याच कामासाठी नेमावा, अफवांवर नजर ठेवावी, असे त्यात सांगितले. सरकारने व्हॉट्सॲप कंपनीलाही फैलावर घेतले. मग त्याच महिन्यात कंपनीने भारतापुरता नियम केला की, आलेला निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल. निरोप दुसऱ्याकडून आलेला असेल तर तशी खूणही दिसू लागली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, फार हातांतून फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, असे झाले. यात कोणाचे तोंड बंद झाले नाही. चाल तेवढी मंद झाली. ही वेसण आम्हाला पटते.

सरकारने २०२१ साली आणखी एक नियम केला. फिरणारा निरोप पहिल्यांदा कोणी लिहिला, हे न्यायालयाने किंवा अधिकाऱ्याने विचारल्यास मोठ्या कंपन्यांनी सांगावे, असा तो नियम. ऐकायला बरोबर वाटते. चोराचे नाव कळलेच पाहिजे. पण यात एक अडचण आहे. व्हॉट्सॲपचा निरोप पोस्टकार्डासारखा नसतो, बंद पाकिटासारखा असतो. वाटेत तो कोणाला, अगदी कंपनीलाही, वाचता येत नाही. कंपनीचे म्हणणे असे की, एकाचे पाकीट ओळखायचे तर सर्वांच्याच पाकिटांवर खूण करावी लागेल. म्हणून मे २०२१ मध्ये ती दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. नवरा-बायकोचे बोलणे, वकील-अशिलाचे बोलणे, सगळेच त्या पाकिटांत असते. चोर सापडावा म्हणून गावातल्या सगळ्या घरांच्या भिंतींना भोके पाडावीत का, असा हा पेच आहे. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या आणि आमचे मन अजून एका बाजूला झुकत नाही.

पालघरची गोष्ट

आता दुसरी गोष्ट. ही राईनपाड्याच्या अगदी उलट आहे.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे वारले. दुसऱ्या दिवशी त्यांची अंत्ययात्रा निघाली. मुंबई आणि आसपासची गावे बंद होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तिथल्या २१ वर्षांच्या एका मुलीने फेसबुकावर चार ओळी लिहिल्या. माणसे रोजच मरतात, तरी जग चालू राहते, हा बंद आदराने नव्हे तर भीतीने झाला आहे, अशा अर्थाचे ते लिहिणे होते. त्यात कोणाला शिवी नव्हती. कोणाला मारा, जाळा, असे नव्हते. तिच्या मैत्रिणीने त्या लिहिण्यावर आंगठा दाबला. आपल्याकडे आंगठा म्हणजे निरक्षराची सही. फेसबुकावर आंगठा म्हणजे पसंती.

एवढ्यावर जमाव चालून आला. त्या मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला. आणि पोलिसांनी काय केले? दोघी मुलींनाच अटक केली. जिने लिहिले तिला, आणि जिने नुसता आंगठा दाबला तिलाही. त्यांना जामिनावर सुटावे लागले.

देशभर गवगवा झाला. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहून विचारले की, ही अटक कोणत्या कायद्याने? चौकशी झाली. नोव्हेंबर सरण्याआधी ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि ठाण्याचे निरीक्षक यांना निलंबित केले गेले. पुढे मुलींवरचा खटलाही बंद झाला. पण झालेली भीती कशी बंद होणार? आपल्या घरची पोर कचेरीत नेली असती तर तिने पुन्हा लिहायला हात उचलला असता का?

पोलिसांनी जे कलम लावले त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम होते. हे कलम २००९ साली अमलात आले होते. फोनवरून, संगणकावरून कोणी फार आक्षेपार्ह मजकूर पाठवला, किंवा खोटे ठाऊक असून कोणाला त्रास व्हावा, गैरसोय व्हावी म्हणून काही पाठवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद, असे त्यात होते.

'आक्षेपार्ह' म्हणजे काय? 'त्रास' म्हणजे काय? कायद्यात ते सांगितलेच नव्हते. रस्त्याचे काम कच्चे झाले असे कोणी लिहिले, तर ठेकेदाराला त्रास होतो. रेशनवर धान्य कमी मिळाले असे लिहिले, तर दुकानदाराची गैरसोय होते. अशा शब्दांवर माणूस तुरुंगात जाऊ लागला तर खरे लिहिणारा एकही उरणार नाही. धुरा कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर दुसऱ्याच्या वावरात पाय पडला की नाही हे कसे ठरवावे? ज्याच्या हातात काठी, तो म्हणेल तिथे धुरा!

पालघरची बातमी वाचून दिल्लीतली कायद्याची एक विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्या नावावरून तो खटला 'श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार' म्हणून ओळखला जातो. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी निकाल दिला. ६६-अ हे कलम त्यांनी मुळासकट रद्द केले.

त्या निकालात एक भेद सांगितला आहे. तो प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. बोलणे तीन तऱ्हेचे असते. एक चर्चा, दुसरा पुरस्कार, तिसरी चिथावणी. गावच्या तलावाचे उदाहरण घेऊ. 'तलावाचे पाणी वरच्या वस्तीला द्यावे की खालच्या?' ही झाली चर्चा. 'पाणी खालच्या वस्तीलाच मिळाले पाहिजे, सर्वांनी अर्जावर सह्या करा' हा झाला पुरस्कार. 'उद्या सकाळी कुऱ्हाडी घेऊन वरच्या वस्तीवर चला' ही झाली चिथावणी. पहिल्या दोहोंना कायदा अडवू शकत नाही, मग ते बोलणे ऐकणाऱ्याला कितीही कडू लागो. तिसऱ्याला अडवता येते. पालघरच्या मुलीचे लिहिणे पहिल्या तऱ्हेचे होते. राईनपाड्याच्या आसपास फिरलेला निरोप तिसऱ्याच्या उंबरठ्यावर होता.

कलम रद्द झाले तरी कितीतरी ठाण्यांत ते लावणे चालूच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. दिल्लीचा निकाल ठाण्यापर्यंत पोचायला सात वर्षे! बैलगाडीने गेला असता तरी लवकर पोचला असता.

हा हक्क आला कुठून?

काहीजण म्हणतात, 'गरिबाला काय करायचं बोलण्याच्या स्वातंत्र्याशी? त्याला भाकर पाहिजे.' आम्हाला हे मान्य नाही. भाकर मिळत नाही हे सांगायलाच तोंड लागते.

इंग्रजांच्या राज्यात लोकमान्य टिळकांना 'केसरी'तल्या लेखांबद्दल १८९७ साली दीड वर्षाची आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या वेळी त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेऊन ठेवले. स्वराज्य आल्यावर आपण घटना केली. तिच्या १९ व्या कलमात प्रत्येक नागरिकाला बोलण्याचा, मत सांगण्याचा हक्क दिला. त्याच कलमात पुढे बंधनेही सांगितली. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक शांतता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी, अशा मोजक्याच कारणांसाठी सरकार या हक्काला आवर घालू शकते. १९५१ साली घटनेची पहिली दुरुस्ती झाली. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कायदेमंत्री होते. त्या वेळी सरकारला बंधनासाठी आणखी कारणे मिळाली. पण त्याच वेळी बंधनाच्या आधी 'वाजवी' हा शब्दही घातला गेला. बंधन वाजवी पाहिजे. वाजवी आहे की नाही, हे सरकारने नव्हे तर न्यायालयाने ठरवायचे. एका शब्दाची किंमत पाहा. पुढचे सगळे खटले त्या शब्दावर चालले आहेत.

स्वराज्यातही तोंडाला मुसके बांधले गेले होते. १९७५ साली आणीबाणी आली, तेव्हा छापण्याआधी मजकूर सरकारी माणसाला दाखवावा लागे. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत त्याविरुद्ध उघड बोलल्या. पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले.

नेट बंद करणे

सरकारच्या हातात आज दोन मोठी हत्यारे आहेत. एक म्हणजे एखादे पान, एखादा खाते किंवा सबंध ॲपच देशात दिसू न देणे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ या कलमाने केंद्र सरकारला हा अधिकार आहे. २९ जून २०२० रोजी टिकटॉक आणि इतर ५८ चिनी ॲप बंद झाली, ती याच कलमाखाली. टिकटॉकवर आपल्या खेड्यांतली कितीतरी पोरे नाचत, नकला करत, चार पैसेही कमावत. ते एका रात्रीत थांबले. देशाच्या सुरक्षिततेचे कारण होते, आणि त्याच महिन्यात गलवानच्या खोऱ्यात आपले जवान पडले होते, म्हणून फारशी कोणी कुरकूर केली नाही. या कलमाला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या त्याच निकालात मान्यता दिली आहे. आमची तक्रार एकच आहे. हे हुकूम बहुतेक गुप्त राहतात. ज्याचे तोंड बंद केले त्याला कारण कळले नाही, तर त्याने दाद कुठे मागावी?

दुसरे हत्यार याहून मोठे. सबंध तालुक्याचे, सबंध जिल्ह्याचे नेटच बंद करणे. हे आपल्यापासून दूर नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली. संचारबंदी लागली आणि नेट बंद झाले. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या एका 'स्टेटस'वरून दंगा झाला, तिथेही नेट बंद झाले. त्याच्या आधीच्या महिन्यात आपल्या अकोल्यात इन्स्टाग्रामवरच्या मजकुरावरून जुन्या शहरात दगडफेक, जाळपोळ झाली. एक माणूस गेला. आपले अकोला म्हणतो, कारण १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण अकोल्याचेच होतो.

दंगल पेटली असता अफवा थांबवायला नेट बंद केले, तर त्याला आम्ही सरसकट चूक म्हणणार नाही. दोन रात्री फोन मुका राहिला आणि चार माणसे जगली, तर सौदा महाग नाही. पण नेट बंद होते तेव्हा नुसती अफवाच बंद होते का? अफवा खोटी आहे असे सांगणारा पोलिसांचा निरोपही बंद होतो. दुकानात फोनवरून पैसे देता येत नाहीत. पोराचा परीक्षेचा अर्ज अडकतो. पीकविम्याची मुदत सरते. दंगा करणारे पाचपन्नास, आणि दंड भरणारे लाखो. शिवाय अफवेला नेट लागतेच असे नाही. मोबाईल नव्हते तेव्हाही अफवा होत्याच, आणि त्या पायी चालत जात.

नेट बंद करण्याला कायदा आहे. १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बेमुदत नेटबंदी चालणार नाही, आणि हुकूम लोकांसमोर प्रसिद्ध केला पाहिजे. आता २०२४ सालचे नियम आहेत. राज्यात हा हुकूम गृहसचिवांनी काढायचा असतो. फारच निकड असली तर दुसरा वरिष्ठ अधिकारी काढतो, पण त्याला मागाहून गृहसचिवांची मंजुरी लागते. हुकुमात कारण लिहावे लागते. एक हुकूम १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. मुख्य सचिवांच्या समितीने तो तपासावा लागतो. तेव्हा कधी आपल्याकडे नेट बंद झाले, तर 'हुकूम कुठे आहे? किती दिवसांचा आहे?' असे विचारणे म्हणजे उर्मटपणा नव्हे. तो आपला हक्क आहे.

बंदी उलटते कशी, ते शेजारच्या नेपाळने पाहिले. तिथल्या सरकारने ४ सप्टेंबर २०२५ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब धरून २६ माध्यमे एकदम बंद केली. कंपन्यांनी सरकारकडे नोंद केली नाही, हे कारण सांगितले. तरुण पोरे पुढाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर आधीच चिडलेली होती. ८ सप्टेंबरला ती काठमांडूच्या रस्त्यावर आली. गोळीबार झाला. त्या एका दिवसात १९ जण मेले. रात्री बंदी उठवली, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांना खुर्ची सोडावी लागली.

खरे-खोटे कोणी ठरवावे?

आता एक बारीक मुद्दा राहिला. खोटी बातमी थांबवावी, यावर सर्वांचे एकमत आहे. पण ती खोटी आहे, हे ठरवणार कोण?

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम केला. केंद्र सरकारच्या कामाबद्दल समाजमाध्यमांवर काही खोटे, दिशाभूल करणारे आले, तर ते ओळखण्यासाठी सरकारच एक कक्ष नेमील. त्या कक्षाने खोटे म्हटले की कंपनीने ते काढावे, नाही तर कायद्याचे संरक्षण जाईल. हास्यकलाकार कुणाल कामरा आणि काही पत्रकार-संस्था याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या.

जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. न्यायमूर्ती गौतम पटेल म्हणाले, नियम रद्द करा. न्यायमूर्ती नीला गोखले म्हणाल्या, नियम योग्य आहे. शहाण्या माणसांतही या गोष्टीवर मतभेद आहेत, हे यावरून दिसते. मग प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले. न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी पटेलांच्या बाजूने मत दिले आणि नियम पडला.

आम्हाला हे आपल्या गावच्या रीतीने पटते. धुऱ्याचे भांडण असले तर दोघांपैकी एकालाच पंच करत नाहीत. तिसरा बोलावतात. सरकारवर कोणी टीका केली आणि ती खरी की खोटी हे सरकारनेच ठरवायचे, म्हणजे वादीनेच न्यायाधीश होणे. सरकारने खुलासा करावा, हवे तर रोज करावा. आकडे द्यावे, कागद दाखवावा. लोक वाचतील आणि ठरवतील.

ग्रुपच्या ॲडमिनचे काय?

आम्ही हा विषय काढला की गावात हमखास एक प्रश्न येतो. 'गुरुजी, मी गावच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. कोणी पोट्ट्याने काही वेडंवाकडं टाकलं तर मला धरून नेतील का?' या भीतीपायी कित्येकांनी ग्रुप मोडून टाकले. बचतगटाचे मोडले, भजनी मंडळाचेही मोडले.

याचा निकाल आपल्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी दिला आहे. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातले होते. ग्रुपमधल्या एका माणसाने वाईट मजकूर टाकला होता, आणि ॲडमिनने त्याला काढले नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा नोंदला होता. न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. ॲडमिनला फार तर कोणाला ग्रुपमध्ये घेता येते आणि काढता येते. दुसरा काय लिहील हे त्याला आधी कळत नाही. दोघांनी संगनमत केले असेल, आधीच ठरवले असेल, तरच ॲडमिन गुन्हेगार. नुसता ॲडमिन आहे म्हणून नव्हे.

तेव्हा ज्यांनी भीतीने ग्रुप मोडले, त्यांनी ते पुन्हा सुरू करायला हरकत नाही. आणि कोणाच्या ग्रुपवर मुले पळवणाऱ्या टोळीचा निरोप आला, तर तो तिथेच थांबवून आधी मालेगावच्या पोलीस ठाण्याला फोन लावावा. हे मालेगाव मात्र आपल्या तालुक्याचे.